सांगणाऱ्याचे नाव

सालमेने कपाटाचे दार उघडले, खालच्या फळीवर डावा हात घातला आणि हात तसाच राहिला. विनोदांचे बाड जागेवर नव्हते. अलीकडचे लग्नगीतांचे बाड होते, पलीकडचे दुखण्याखुपण्याच्या मंत्रांचे होते. मध्ये चार बोटांची फट होती आणि ती पुसल्यासारखी स्वच्छ होती. रुमालात गुंडाळलेली कागद कापायची सुरी तिच्या उजव्या हातात होती, ती तिला एकाएकी फार जड वाटू लागली.

बाहेर चर्चची घंटा वाजत होती. जुलैतल्या रविवारी सकाळी तार्तूचे लोक एक तर प्रार्थनेला जातात, नाही तर नदीवर पोहायला. लोककथांच्या दप्तरखान्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून तिने ही वेळ निवडली होती. चार पाने कापायची, पाच मिनिटांचे काम. घरी जाऊन ती चुलीत घालायची आणि सोमवारी काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने कामावर यायचे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात तिने वाचनालयाचे पुस्तकसुद्धा उशिरा परत केले नव्हते. पहिलीच चोरी, आणि तीही फसलेली.

तिने वरच्या फळ्या पाहिल्या, खिडकीतली चवड पाहिली, सरांच्या खोलीची मूठ फिरवून पाहिली. खोलीला कुलूप होते.

“कोण आहे तिकडे?”

झाडलोट करणारी आल्विने बादली घेऊन दारात उभी होती. सालमेने सुरी पाठीमागे केली.

“मीच आहे, आल्विनेबाई. चष्मा विसरले होते.”

“चष्मा तर नाकावर आहे तुझ्या.” आल्विनेने बादली खाली ठेवली. “तुम्हा शिकलेल्या लोकांना घरदार आहे की नाही? गुरुवारी दुपारपासून काल संध्याकाळपर्यंत सर, आणि आज तू.”

“सर आले होते?”

“आले होते कसले, ठाण मांडून बसले होते. आणि शेगडी पेटवायला लावली मला! जुलै महिन्यात! म्हणे हाडं दुखतात. मी म्हटलं, सर, हाडं दुखत असतील तर उन्हात बसा, फुकट आहे. तर म्हणाले, आल्विने, लाकडं आण आणि तोंड मीट.”

“सर असं म्हणाले?”

“तोंडाने नाही म्हणाले. चेहऱ्याने म्हणाले.”

सालमेच्या कानांपर्यंत शेगडी पोचलीच नाही. तिला एवढेच कळले की बाड सरांनी उचलले आहे. बुधवारच्या वादानंतर त्यांना तिचा संशय आला असणार, आणि तिच्या हाती लागू नये म्हणूनच त्यांनी ते कुलपात ठेवले असणार. सोळा वर्षे ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांनी आपल्याला चोर धरावे याचे तिला वाईट वाटले. मग आपण चोरीच करायला आलो होतो हे आठवले, आणि वाईट वाटायचीही सोय राहिली नाही.

या सगळ्याची सुरुवात गेल्या शरद ऋतूत झाली होती. पूर्वेकडच्या शेजारी देशाने परस्पर साहाय्याचा करार पुढे केला, सरकारने सही केली, आणि सालमे जिथे वाढली त्या बेटावर परके सैन्य तळ ठोकायला आले. विद्यापीठातल्या विद्वानांनी आपापल्या परीने उपाय काढला. एकाने परदेशी वर्तमानपत्रांना पत्रे लिहायचा सपाटा लावला. एकाने स्वीडनचे तिकीट काढले आणि सगळ्यांना सांगितले की बायकोच्या दम्यासाठी जातोय. इतिहासाचे एक प्राध्यापक, जे वीस वर्षे रशियन येत नाही असे सांगत आले होते, ते विद्यापीठाच्या पायऱ्यांवर अस्खलित रशियन बोलू लागले. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी मधमाश्या पाळल्या.

प्राध्यापक मिह्केल आल्लिक यांनी, म्हणजे सालमेच्या सरांनी, प्रश्नावली काढली. गावोगावच्या शिक्षकांना, पोस्टमास्तरांना, दीपगृहाच्या राखणदारांना त्यांनी पत्रे पाठवली: नव्या पाहुण्यांबद्दल लोक काय बोलतात, काय विनोद करतात, ते जसेच्या तसे लिहून पाठवा. वर्गात ते म्हणाले होते, “आपल्याकडे तोफा नाहीत, कान आहेत. जे आहे ते वापरू.” तेव्हा सगळ्यांना ते फार शूर वाक्य वाटले होते. सालमेलाही.

नाताळच्या सुटीत ती स्वतः बेटावर गेली आणि अकरा जणांकडून विनोद लिहून घेऊन आली. त्यातले चार एकट्या वीयूमावशीचे. आई गेल्यावर सालमेला वाढवले ते या मावशीने. मासे भाजून, मासे विकून, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू ठेवून. मावशी सदुसष्ट वर्षांची झाली होती आणि तिचे घर नव्या तळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर होते. सैनिक तिच्याकडे दूध घ्यायला येत. एकाने म्हणे तिच्या टोपलीतला चपटा मासा उचलून विचारले, “आजीबाई, हा मासा असा चपटा कसा झाला?” मावशी म्हणाली, “शेजारी येऊन बसला त्याच्यावर. मैत्री करायला.”

सालमेने ते हसत हसत लिहून घेतले होते आणि खाली नेहमीच्या सवयीने भरले होते: सांगणारी वीयू काल्यो, वय ६७, मासेविक्री, गाव रानाक्युला. तसे भरले नसते तर सरांनी पान परत केले असते. नाव, वय, धंदा, गाव. सरांच्या दप्तरखान्यात याविना काही शिरत नसे. “सांगणाऱ्याचं नाव नसेल तर ती अफवा,” ते म्हणत. “अफवा जमवायला वर्तमानपत्रं आहेत.” एका पोस्टमास्तरने फार सुंदर ओवी पाठवली होती आणि आजीबाईचे वय लिहायला विसरला होता. सरांनी त्या वयासाठी नऊ महिने पत्रव्यवहार केला.

असा हा कारभार. एकतीस माणसे, त्रेचाळीस विनोद, आणि प्रत्येकाखाली त्या माणसाचा पुरता पत्ता. पोलिसांनी स्वतः वर्षभर खपूनही इतकी नीट यादी केली नसती.

जूनमध्ये रणगाडे आले. महिन्याभरात एकाच यादीची निवडणूक झाली, आणि देशातल्या विद्वानांनी नव्या राजवटीचे स्वागत केले आहे असे पत्रक वर्तमानपत्रात छापून आले. खाली नावे होती. पत्रकावर सही मागायला माणूस आला तेव्हा सरांनी पत्रक तीनदा वाचले आणि त्यातल्या स्वल्पविरामाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत दिले. सही केली नाही. तो माणूस गोंधळून निघून गेला. सालमेला त्या दिवशी सरांचा अभिमान वाटला होता आणि भीतीही वाटली होती.

मग शेजारच्या बेटावरून बातमी आली. तिथल्या दीपगृहाच्या राखणदाराने दुकानात कसला तरी विनोद केला. दोन दिवसांनी त्याला मोटारीत घालून नेले आणि त्याच्या बायकोला तो कुठे आहे हे कोणी सांगेना. एका विनोदापायी. वीयूमावशीचे चार होते.

बुधवारी पत्र आले. नव्या राजवटीच्या कार्यालयाचे अधिकारी सोमवारी दप्तरखान्याची पाहणी करणार होते, विशेषतः “गेल्या वर्षभरात जमा झालेल्या समकालीन मजकुराची.” खाली सही एंडेल रोस्नाची. एंडेल! एप्रिलपर्यंत तो याच दप्तरखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसत होता, सालमेच्या डब्यातला राय धान्याचा पाव आणि लोणी खात होता.

“सर, नावं काढून टाकू या,” तिने बुधवारी सांगितले होते. “विनोद राहू द्या. फक्त नावं.”

“नावाशिवाय नोंद म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.”

“माणसं जातील, सर.”

“माझ्या तरुणपणी झारचे अधिकारीही असेच आले होते. त्यांनी सूची मागितली, चहा प्यायले आणि निघून गेले.”

“हे चहा प्यायला येत नाहीयेत!” ती सरांवर पहिल्यांदाच ओरडली होती. “तुमचं काय जातंय? तुमची कुणी मावशी नाही त्या बाडात!”

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा बंद झाला.

“सालमे, तू दमली आहेस. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सुटी घे.”

हे सगळे आठवत ती रविवारी दुपारी घरी टेबलाशी बसली होती. मावशीला तार करावी म्हणून तिने कागद पुढे ओढला. पण लिहायचे काय? निघून जा? बेटावरून जायची एकच होडी होती आणि धक्क्यावर सैनिक होते. शिवाय तारमास्तर ती वाचणार. तिने “तब्येत जप” असे लिहिले, ते खोडले, मग “मासे पोचले” असे लिहिले आणि तेही खोडले. मावशीने मासे पाठवलेच नव्हते. बटाटे उकडून ठेवले होते ते संध्याकाळी जसेच्या तसे फेकावे लागले. एकसारखे एकच चित्र डोळ्यांसमोर येई: मावशी मोटारीत बसते आहे आणि बसताना शिपायाला काही तरी टोमणा मारते आहे. मावशी गप्प बसणारच नाही. तिथेसुद्धा.

सोमवारी एंडेल दहाच्या ऐवजी साडेनऊलाच आला.

नवा करडा सूट, नवे बूट. बरोबर परक्या वर्दीतला एक माणूस होता. तो दारापाशीच उभा राहिला आणि त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

“नमस्कार, सर.”

“ये, एंडेल. अर्धा तास लवकर आलास. शिकत होतास तेव्हा अर्धा तास उशिरा यायचास.”

एंडेल हसला. मग त्याने दाराकडे पाहिले आणि हसू आवरले.

“सालमे, कशी आहेस?”

“ठीक.”

“हे कॉम्रेड आपली भाषा जाणत नाहीत,” एंडेल साध्या आवाजात म्हणाला. “पण आवाज चढला, कागद फाटला, कुणी काही खिशात घातलं, की त्यांना बरोबर कळतं. तेव्हा आपण सगळे शांतपणे बोलू.”

“आम्ही इथे नेहमी शांतपणेच बोलतो,” सर म्हणाले.

एंडेलने आवक नोंदवही मागितली. सालमेने ती दिली. त्याने बोट फिरवत ओळ शोधली.

“समकालीन विनोद. त्रेचाळीस पानं.” त्याने वर पाहिले. “हा आकडा मागच्याच आठवड्यात वर गेलाय, सर. त्रेचाळीसची त्रेचाळीस लागतील.”

“मोजून घे.”

सरांनी खिशातून किल्ली काढली, टेबलाचा खण उघडला आणि बाड बाहेर काढले. पुठ्ठे तेच, फीत तीच. सालमेला वाटले, अजूनही झडप घालावी. दार सहा पावलांवर होते आणि दारात तो टोपीवाला होता. तिने खुर्चीची पाठ धरली.

एंडेलने फीत सोडली. पहिले पान त्याने मोठ्याने वाचले, बहुधा दारातल्या माणसाला काम चाललेले दिसावे म्हणून.

“पाहुणे थोड्या दिवसांसाठी आलेत म्हणतात, पण येताना सफरचंदाची रोपं घेऊन आलेत लावायला.” तो खालच्या ओळीवर आला. सालमेने डोळे मिटले. ही नोंद रानाक्युलाच्या चपला शिवणाऱ्या यूरीची होती. यूरीला पाच मुले होती.

“सांगणारा,” एंडेल वाचत होता, “मिह्केल आल्लिक. वय एकसष्ट. प्राध्यापक. तार्तू.” तो थांबला. “लिहून घेणारा: तोच.”

सालमेने डोळे उघडले.

एंडेलने पान उलटले. दुसरे वाचले, मनातल्या मनात. ओठ मात्र शेवटच्या ओळीला हलले. तिसरे. चौथे. पाचव्या पानावर मासा होता.

“सर, हा चपटा मासा तुम्ही सांगितलात?”

“मला मासे आवडतात.”

“बेटाच्या बोलीत?”

“बेटाची बोली मी तीस वर्षं शिकवतोय. तुलाही शिकवली होती. पास केलं होतं, जरा हात सैल सोडून.”

“सांगणारेही तुम्ही, लिहून घेणारेही तुम्ही.”

“एकटा माणूस आहे मी, एंडेल. दुसऱ्या कुणाला सांगणार?”

आता सालमेला शेगडी ऐकू आली. गुरुवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत. त्रेचाळीस पाने उतरवून काढायची, जुनी एकेक करून शेगडीत घालायची, आणि प्रत्येक पानाखाली, ज्या जागेसाठी या माणसाने आयुष्यभर लोकांचा जीव खाल्ला त्या जागेवर, धडधडीत खोटे लिहायचे. मावशी सुटली होती. यूरी सुटला होता. तिला रडू येईल इतका आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. ती चार पाने कापायला आली होती. उरलेल्या तीस माणसांसाठी सुरी चालवायचा विचार रविवारी सकाळी तिच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

मग तिने सरांकडे पाहिले आणि आनंद ओसरला. ते टेबलामागे बसले होते, बाह्यांना शाई लागू नये म्हणून घालायचे काळे कापडी मोजे हातांवर चढवलेले, नेहमीसारखे. त्रेचाळीस विनोद, सगळे एका माणसाचे.

एंडेलने अंगठा जिभेला लावून एका अक्षरावर हलकेच घासला आणि अंगठा पाहिला. अंगठ्यावर निळसर डाग होता. दप्तरखान्याची शाई लिहिताना निळी असते आणि दिवस गेले की काळी पडत जाते, हे त्याला इथेच शिकवले होते. त्याने दाराकडे पाठ करून अंगठा रुमालाला पुसला.

यानंतर तो वाचेनासा झाला. पाने भराभर उलटू लागला, फक्त वरच्या दोन ओळी पाहून पुढे. कपाळावर घाम दिसू लागला. हा आता पुरावा शोधतोय, सालमेला वाटले. कुठे तरी सरांचा हात चुकला असेल, एखादे खरे नाव राहून गेले असेल, ते शोधतोय. वीस. पंचवीस. तीस. बाहेर पुलावरून एक ट्रक खडखडत गेला. दारातल्या माणसाने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतले.

सदतिसाव्या पानावर एंडेल थांबला.

सालमे समोर उभी होती. अक्षरे तिला उलटी दिसत होती, तरी पहिली ओळ तिने ओळखली. अस्वल साळिंदराला म्हणते, चल, परस्पर साहाय्याचा करार करू. साळिंदर विचारते, मी तुला काय मदत करणार? अस्वल म्हणते, सकाळच्या नाश्त्याचं तू बघ. आणि तू माझं काय बघशील? अस्वल म्हणते, दुपारच्या जेवणाची काळजी तुला उरणार नाही, एवढं मी बघेन.

हा विनोद मार्चमध्ये याच खोलीत सांगितला गेला होता. अकरा विद्यार्थी होते, शेगडीवर कॉफी होती, आणि सांगणारा टेबलावर चढून अस्वलाचा आवाज काढत होता. सगळे हसून हसून कोलमडले होते. सरांनी तिथल्या तिथे पान ओढून लिहून घेतले आणि डोळे पुसत विचारले होते, “नाव?” तो टाचा जुळवून म्हणाला होता, “एंडेल रोस्ना, सत्तावीस, विद्यार्थी, गाव तार्तू, अविवाहित! तेही लिहा, सर!”

म्हणून तो स्वतः आला होता. म्हणूनच अर्धा तास आधी.

एंडेलची नजर हळूहळू पानाच्या तळाशी गेली. सालमेचीही गेली. तिथे लिहिले होते, “सांगणारा:” आणि त्यापुढे काही नव्हते. कोरी जागा. लिहून घेणारा मिह्केल आल्लिक, दिवस मार्चचा, आणि सांगणाऱ्याची ओळ मोकळी. सोळा वर्षांत सालमेने या दप्तरखान्यात अशी ओळ पाहिली नव्हती.

“ही नोंद अपुरी आहे,” एंडेल म्हणाला. त्याचा आवाज शांतच होता, पण पातळ झाला होता.

“हो,” सर म्हणाले. “तेवढी एक राहिली.”

“अपुरी नोंद वर गेली तर विचारतील.”

“विचारणारच. आम्हीही विचारायचो.” सरांनी दौत त्याच्याकडे सरकवली आणि टाक उलटा करून, दांडा त्याच्या बाजूला येईल असा, त्याच्यापुढे धरला. “कोणी सांगितला ते तुला आठवत असेल. भर तू.”

दारातल्या माणसाने मान उंचावून पाहिले. म्हातारा अधिकाऱ्याला लिहायला टाक देतो आहे, एवढेच दिसत होते. त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड केले.

एंडेलने टाक घेतला. त्याने सरांकडे पाहिले. सर त्याच्याकडेच पाहत होते, परीक्षेत उत्तराची वाट पाहत तसे, घाई न करता. मग त्याने सालमेकडे पाहिले. तिला तोंड उघडता आले असते. निदान मान हलवता आली असती. पण ज्या बाडाने मावशी सुटली होती तेच हे बाड, आणि त्याच्या एका पानाला धक्का लागला तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस उसवतील, हे तिला कळत होते. तिने खुर्चीची पाठ आणखी घट्ट धरली.

“सर,” एंडेल अगदी हळू म्हणाला, “माझी आई आहे घरी.”

“ठाऊक आहे मला. गुडघे कसे आहेत त्यांचे?”

एंडेलने टाक दौतीत बुडवला, दौतीच्या कडेला टेकवून जादा शाई निथळू दिली, आणि लिहायला घेतले. हस्ताक्षर त्याला सरांनीच घटवून दिलेले होते. वळण हुबेहूब तेच. “मि” लिहिला. “ह्के” लिहिला. सावकाश, एकेक अक्षर करत, पूर्ण नाव लिहिले. स्वल्पविराम दिला. “वय” लिहिले, आणि त्याचा हात थांबला. मेमध्ये सरांच्या वाढदिवसाला फुले घेऊन गेलेल्यांत तोही होता.

“बासष्ट लिहू ना, सर?” त्याने पानावरून नजर न काढता विचारले.

“एकसष्ट,” सर म्हणाले. “नोंद मार्चमधली आहे.”

एंडेलने एकसष्ट लिहिले.